एक मत छत्रीला

"बूथ नंबर चौऱ्याण्णव," मतमोजणीच्या टेबलापलीकडचा बाबू म्हणाला, आणि चौडप्पानं जाळीला नाक लावलं.

बाबूनं यंत्राचं बटण दाबलं. यंत्र एकेक आकडा दाखवायला लागलं. पहिल्याला शून्य. दुसऱ्याला शून्य. तिसरी घागर, दोनशे सदुसष्ट. चौथ्याला शून्य, पाचव्याला शून्य. चौडप्पाचा जीव भांड्यात पडत होता, तेवढ्यात सहावा आकडा आला. छत्री, एक.

सातव्याला शून्य. नोटाला शून्य.

"अरे, हे बूथ आहे का भजनी मंडळ?" शेजारी उभा असलेला एका उमेदवाराचा माणूस हसून म्हणाला. "सगळ्यांचा एकच सूर!"

"एकाचा बिघडला की," दुसरा म्हणाला, आणि जाळीला टेकलेले सगळेच हसले. चौडप्पाही हसला. हसता हसता त्यानं कागदावर आकडे उतरवले, पण सहाव्या रकान्यात एकचा आकडा काढताना पेन्सिलीचं टोक मोडलं. बाजूला घागरवाल्या गौडाचा माणूस करबसू उभा होता. त्याच्याकडेही कागद होता. त्यानं तो एक शांतपणे लिहिला, त्याच्याभोवती गोल केला, कागदाची घडी शर्टाच्या खिशात ठेवली आणि चौडप्पाच्या खांद्यावर हात टाकला.

"चहा घेऊ या का, चौडप्पाअण्णा?"

"नको. सकाळपासून पोट बरं नाही," चौडप्पा म्हणाला, आणि ते खरं होतं.

सिद्दनकेरी मतदारसंघात गौडा नऊ हजारांनी निवडून आला. नऊ हजारांत एक मत म्हणजे काय? समुद्रातला थेंबही नव्हे. पण ज्याला राज्य करायचं असतं तो ढिगाकडे बघत नाही. ढिगाबाहेर काय पडलं ते बघतो.

चौऱ्याण्णव नंबरचं बूथ म्हणजे एकटी मागगल्ली. तिच्या दोनशे अडुसष्ट मतदारांत दुसरा कोणी मिसळलेला नव्हता. गल्ली उतारावर वसलेली. वरच्या टोकाला बनशंकरी अव्वाचं देऊळ, खालच्या टोकाला आटलेलं तळं. गल्लीत अजून पंधरा हातमाग होते आणि तीसेक यंत्रमाग. आणि गल्लीचं एक दैव होतं. या गल्लीत दैव म्हणजे नशीब नव्हे, दैव म्हणजे अकरा म्हातारे. ते देवळाच्या कट्ट्यावर बसले की दैव बसलं म्हणायचं. सोयरिकी, भांडणं, वाटण्या, सुताचे भाव, सगळं तिथं ठरायचं. मत कुणाला द्यायचं तेही तिथंच ठरायचं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. घरात एकानं भाजी ठरवावी आणि सगळ्यांनी खावी, तसं ते होतं.

गल्लीखालची जमीन गौडाच्या आजोबांच्या नावावर. तीन पिढ्या घरं उभी होती आणि एकाही घराचा उतारा घरवाल्याच्या नावावर नव्हता. निवडणुकीआधी गौडा देवळात आला, अव्वाला ओटी भरली आणि म्हणाला, "सगळी मतं माझी झाली, तर सगळे उतारे तुमचे." एवढंच बोलला. नाही झाली तर काय, हे बोलला नाही. बोलायची गरज नव्हती. मागच्या वेळी खालच्या गल्लीची एकतीस मतं इकडची तिकडं झाली होती. निकालानंतर महिनाभरात तिथं प्रत्येक दारावर लाल रंगात नंबर पडले. मग गटार घालायचं म्हणून रस्ता खणला. पाच वर्षं झाली, गटार नाही आणि रस्ताही नाही. दोन पावसाळ्यांत सहा घरं त्या खड्ड्यात बसली. त्या घरांतली माणसं आता गोव्यात वीटभट्टीवर आहेत म्हणतात.

म्हणून दैवानं शपथ घ्यायची ठरवली. अव्वाच्या पायाशी आडवा धागा ओवायचा एक जुना शिसवी धोटा असतो, पहिल्या विणकराचा. एकेकानं जायचं, त्या धोट्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, माझा हात चुकणार नाही. दोनशे अडुसष्ट जणांनी म्हटलं. बेंगळुरूला कामाला असलेली अकरा पोरं बसनं आणली, त्यांनीही म्हटलं.

बटण शिकवायचं काम चौडप्पाचं. तो दैवाचा कारकून. चार इयत्ता जास्त शिकलेला, बोलायला नीटस. त्यानं पुठ्ठ्यावर आठ शर्टाची बटणं शिवली आणि देवळात बायाबापड्यांना तीन दिवस शिकवलं. "वरून मोजायचं. एक, दोन, तीन. तिसरं दाबायचं. चित्र बघायचं, घागर. दिवा लागतो, पीं वाजतं, मग हात काढायचा."

या शिकवणीला त्याचे स्वतःचे वडील तेवढे आले नव्हते. वीरभद्रप्पा, वय एक्क्याऐंशी, गल्लीतला सगळ्यात थोर हात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, दारातला माणूस सावलीसारखा दिसायचा. पण दरसाल ज्येष्ठातल्या शेवटच्या मंगळवारी अव्वाला नेसवायची साडी तोच विणायचा, बोटांनी चाचपून. मतदानाच्या सकाळी चौडप्पा बूथमध्ये गौडातर्फे बसायला निघाला होता. एक पाय चपलेत घालता घालता त्यानं मागाच्या खड्ड्याकडे तोंड करून सांगितलं, "अप्पा, तिसरं बटण. विसरू नका."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?" म्हातारा आतून म्हणाला. "तिसरं म्हटलंस, तिसरं."

दुपारी म्हातारा काठी टेकत एकटा बूथमध्ये आला. अधिकाऱ्यानं विचारलं, "आजोबा, बरोबर कोणी देऊ का?" तेव्हा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "साहेब, अव्वाची साडी मी डोळ्यांवाचून विणतो. तुमचं हे खोकं काय मोठं?" सगळे हसले. पुठ्ठ्याच्या आडोशामागे तो बराच वेळ होता. मग पीं वाजलं. चौडप्पाला तेव्हा बापाचा अभिमान वाटला होता.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी गौडाची मिरवणूक मागगल्लीत आली. हलगी, गुलाल, जीपवर उभा गौडा. दैवाचा म्होरक्या मल्लेशप्पा पुढं झाला आणि त्यानं हार घातला. सगळ्यात मोठं घर त्याचं, दुकान त्याचं, म्हणजे उताऱ्याची निकडही सगळ्यात जास्त त्याचीच.

गौडानं हलगी थांबवली. "मागगल्लीनं शब्द पाळला," तो म्हणाला. टाळ्या झाल्या. "दोनशे सदुसष्ट. एवढी माया माझ्या घरातही नाही. बायकोनं तरी मलाच दिलं का, देव जाणे!" हशा झाला. मग तो खाली वाकला आणि मल्लेशप्पाला जवळ घेऊन, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पण काका, ते एक कोण?"

"धनी, एकच तर..."

"एकच आहे म्हणून विचारतो. पन्नास असते तर विचारलं नसतं, राजकारण म्हणून सोडून दिलं असतं. एक म्हणजे माझ्या तोंडावर सांगून मारलेली चपराक." तो अजून हसतच होता. "उतारे तयार आहेत. आधी ते नाव कळू दे. उद्या दुपारपर्यंत."

मिरवणूक पुढं गेली. मागं करबसू राहिला, दोन मजूर आणि लाल रंगाचा डबा घेऊन. तो खालच्या टोकापासून एकेका दारावर नंबर टाकत वर चढू लागला.

"हे कशाला रे?" मल्लेशप्पानं विचारलं.

"उताऱ्यासाठी, काका. मोजणीला लागतो नंबर," करबसू म्हणाला. "नाहीतर दुसऱ्या कशाला लागेल. आपल्याला काय, आपण रंगवायचं."

संध्याकाळपर्यंत गल्लीत एकच नाव फिरायला लागलं, नीलव्वा. कुणी आधी म्हटलं ते कुणालाच सांगता आलं नसतं. तिचा भाऊ छत्रीवाल्याची जीप चालवायचा, बस्स, तेवढं पुरे होतं. शिवाय ती विधवा, शिवाय तोंडाची फटकळ, शिवाय तिच्या पाठीशी भांडायला घरात पुरुष नाही. नळावर तिची घागर कुणीतरी रांगेतून बाजूला सरकवली. ती ओरडली, "अगं बायांनो, मतं देऊन झाली, आता घागरीचा कसला राग?" एरवी सगळ्या खदाखदा हसल्या असत्या. आज कुणी हसलं नाही. घागर परत जागेवर ठेवायला तिनं हात पुढं केला आणि मग तसाच मागं घेतला.

चौडप्पानं हे आपल्या दारातून पाहिलं. त्याला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर बरंही वाटलं. नाव सापडलं होतं. आणि नीलव्वाबद्दल त्याच्या मनात एक जुनं कुसळ होतं. तिचा नवरा छातीच्या रोगानं गेला तेव्हा वीरभद्रप्पानं तिला स्वतःच्या मागावर बसवून पदराचं नाजूक काम शिकवलं होतं, जे चौडप्पाला कधी जमलं नव्हतं. चौडप्पानं वीस वर्षांपूर्वी यंत्रमाग घेतले. तिथं नक्षी पत्र्याची छिद्रं पाहून आपोआप येते, माणसाला काही मोजावं लागत नाही. म्हातारा त्यावर कधी बोलला नाही. पण सणाला कुणी घरी आलं की म्हणायचा, माझा हात नीलव्वाकडे गेला.

चौडप्पा आत वळला. दिवेलागणीची वेळ. म्हातारा मागाच्या खड्ड्यात बसून अव्वाच्या साडीचा पदर विणत होता. मागावर ताठ चढवलेल्या उभ्या धाग्यांवर, लाल ताण्यावर, त्याची बोटं फिरत होती. नक्षीच्या ओळी तो बोटानं मोजत होता, पोटाजवळून सुरू करून पुढं. एक, दोन, तीन. तिसऱ्या ओळीवर बोट थांबलं, पांढरा धागा आत गेला. साडी खालून वर वाढते. पहिली ओळ विणकराच्या पोटाशी असते, शेवटची लांब. लहानपणी चौडप्पालाही असंच शिकवलं होतं. नक्षीचा कागद भिंतीला लावला तरी मोजायचं खालूनच. वरून मोजलं की म्हातारा पाठीत धपाटा घालायचा.

चौडप्पा तिथंच उभा राहिला. पायाखालची जमीन सरकते म्हणजे काय होतं ते त्याला त्या दिवशी कळलं.

"अप्पा," तो म्हणाला. "त्या दिवशी यंत्रावर बटण कुठून मोजलंत?"

"कुठून म्हणजे?"

"म्हणजे सुरुवात कुठून केलीत?"

"खालून," म्हातारा म्हणाला. "दुसरं कुठून मोजतात? बोट खाली लावलं, एक, दोन, तीन. वाजलं की पीं करून." तो बोळक्या तोंडानं हसला. "का रे? चांगलं नाही वाजलं?"

"चांगलं वाजलं," चौडप्पा म्हणाला.

खालून एक म्हणजे नोटा. खालून दोन, कपबशी. खालून तीन, छत्री.

त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. त्यानं सगळ्या बाजूंनी विचार करून पाहिला. सकाळी दैवापुढं सांगावं, चूक झाली, म्हाताऱ्याची नजर नाही, मीच नीट सांगितलं नाही. पण अव्वाच्या धोट्याला चूक समजत नाही. शपथ हाताची होती, आणि हात चुकला होता. चुकल्या हातानं अव्वाच्या साडीला शिवायचं नाही, हा नियम तर म्हाताऱ्यानंच तीस वर्षांपूर्वी एकाला सांगितला होता. साडी काढून घेतली तर म्हातारा आठ दिवस जगणार नाही. आणि गौडा? दैवाच्या कारकुनाच्या घरातून मत फुटलं, ते चुकून फुटलं, यावर गौडा विश्वास ठेवील? लाल नंबर चौडप्पाच्या दारावरही पडला होता. एकतीस. रंग अजून ओला होता आणि एकचा ओघळ उंबऱ्यापर्यंत आला होता.

दुसऱ्या बाजूला काय होतं? नीलव्वा. एक बाई आणि एक माग.

त्यानं असा हिशेब केला. तो करताना त्याला स्वतःची शिसारी आली, पण त्यानं केला.

सकाळी दैव बसलं. गल्लीतली सगळी माणसं कट्ट्याभोवती उभी. रिवाज असा की सगळ्यात थोर हातानं पुकारा करायचा. वीरभद्रप्पाला दोघांनी धरून उभं केलं. त्याचा आवाज अजून खणखणीत होता.

"धोट्यावर हात ठेवून ज्याचा हात चुकला असेल, त्यानं पुढं यावं. अव्वा क्षमा करणारी आहे. लपवणाऱ्याला मात्र ती बघून घेते."

कोणी हललं नाही. चौडप्पा वही घेऊन बापाच्या पायाशी बसला होता. त्याच्या जिभेवर शब्द होते. एक उसासा टाकावा तसं तोंड उघडलं असतं तर ते बाहेर पडले असते. त्यानं वहीत तारीख लिहिली.

तीनदा पुकारा झाला. मग मल्लेशप्पा म्हणाला, "नीलव्वा, तुला काही सांगायचंय?"

"काय सांगू?" नीलव्वा पुढं आली. "मी घागरीला दिलं. दुसऱ्या कुणाला कशाला देऊ? माझं घर काय आभाळात आहे?"

"भाऊ छत्रीची जीप चालवतो ना तुझा?"

"जीप चालवतो. माझा हात नाही चालवत." दोघेतिघे हसले आणि मल्लेशप्पानं पाहताच गप्प झाले. "काका, तुमचा जावई वीज मंडळात आहे, म्हणून काय गल्लीतली वीज तुम्ही घालवता?"

"तोंड आवर!"

"तोंडच तर आहे माझ्याजवळ. ते आवरलं तर उरलं काय?" तिनं चौडप्पाकडे पाहिलं. "अण्णा, तुम्ही बूथमध्ये होता. तुम्ही सांगा की. पुठ्ठ्यावर सगळ्यांत आधी मी बरोबर दाबलं होतं. तुम्हीच म्हणाला होता, शाबास."

चौडप्पानं वर पाहिलं नाही. "बूथमध्ये आडोसा असतो," तो म्हणाला. "मला काय दिसणार?"

ते खरंच होतं. पण याहून वाईट गोष्ट तो आयुष्यात बोलला नव्हता.

निवाडा झाला. नीलव्वाचा ताणा तोडायचा. गल्लीतली ही सगळ्यात मोठी शिक्षा होती आणि चाळीस वर्षांत एकदाच झाली होती. ताणा तोडला की सूत बंद, पाणी बंद, बोलणं बंद, मेल्यावर खांदा बंद. आणि तोडायचा तो सगळ्यात थोर हातानं. ज्यानं गल्लीत सर्वांत जास्त ताणे चढवले, त्यानंच तो उतरवायचा.

वीरभद्रप्पानं मान खाली घातली. "माझीच शिष्या," तो म्हणाला. मग मल्लेशप्पानं देवळातली पितळी मुठीची सुरी त्याच्या हातात दिली, आणि चौडप्पानं त्याचा दंड धरला.

नीलव्वाच्या घरात माणसं मावेनात. करबसू आधीच येऊन भिंतीला टेकला होता, हातात मोबाइल. "फोटो पाठवायचाय धन्यांना," तो म्हणाला. "बारापर्यंत म्हणालेत."

मागावर अर्धी साडी होती. गर्द जांभळी, पदर नुकता सुरू झालेला. म्हाताऱ्याला मागापाशी बसवलं. त्यानं सुरी मांडीवर ठेवली आणि सवयीनं आधी कापडावरून हात फिरवला. त्याचं बोट नक्षीवर आलं आणि पोटाजवळून वर सरकू लागलं. एक, दोन, तीन.

"चांगलं उतरलंय गं," तो हळू म्हणाला. "तिसरी ओळ अगदी मी सांगितली तशी."

नीलव्वा कोपऱ्यात उभी होती. तिनं पदर तोंडात धरला होता, तो काढला. "अप्पाजी, तुमच्या मागाची आण. मी तिसरंच बटण दाबलं. वरून तिसरं, अण्णांनी पुठ्ठ्यावर शिकवलं तसंच."

म्हाताऱ्याचं बोट थांबलं.

"वरून?"

"वरूनच की. यंत्रावर वरून मोजायचं असतं ना."

"मग खालून तिसरं काय होतं?"

चौडप्पाला वाटलं, आता छप्पर खाली यावं. पण छप्पर जागच्या जागी राहिलं. नीलव्वानं काही न उमजता बोटं दुमडत मोजलं. "खाली नोटा. मग कपबशी. मग..." ती थांबली. तिला उमजलं. तिनं म्हाताऱ्याकडे पाहिलं, मग चौडप्पाकडे, आणि पुढचा शब्द गिळला. एवढं सगळं होऊनही तिनं तो गिळला.

म्हाताऱ्यानं मान आवाजाच्या दिशेनं नव्हे, मुलाच्या दिशेनं वळवली. तो कुठं उभा आहे ते त्याला श्वासावरून कळत असे.

"काल तू मला विचारलंस," तो म्हणाला. "कुठून मोजलंत म्हणून."

चौडप्पा एक पाऊल मागं सरला.

"म्हणजे काल तुला कळलं होतं. आणि आज सकाळी मला पुकारा करायला उभं केलंस."

"अप्पा..."

"अप्पाजी, पुरे," मल्लेशप्पा घाईनं पुढं आला. तो वाकून कुजबुजला, पण एवढ्याशा खोलीत कसली कुजबुज. "तुमचं नाव कुणी घेतलेलं नाही. कुणी घेणारही नाही. नीलव्वाचं नाव सकाळीच कळवून झालंय. आता बदललं तर धनी म्हणतील, मागगल्ली खेळ करते. सगळ्यांची घरं आहेत, अप्पाजी. एकीचं गेलं तर सगळ्यांची राहतात. कापा."

गल्लीतली माणसं खाली बघत होती. सगळ्यांना कळलं होतं. आणि सगळ्यांनाच, कळलं नाही असं हवं होतं.

"चुकल्या हातानं दुसऱ्याचा ताणा तुटत नाही," म्हातारा म्हणाला. त्यानं सुरी उचलली, चाचपून चौडप्पाचा हात शोधला आणि मूठ त्याच्या तळव्यात दिली. "घराण्यातला पुढचा हात तुझा. तुझा हात चुकलेला नाही. तू यंत्रावर बरोबर मोजलंस." तो उठला. कुणीतरी आधाराला पुढं झालं, तर त्यानं काठीनं बाजूला केलं, आणि उंबरा चाचपून बाहेर पडला.

"हा म्हातारा कुठं चालला?" करबसूनं विचारलं.

"वय झालंय," मल्लेशप्पा म्हणाला. "चौडप्पा, काप लवकर. तुझ्या घराण्याचा रिवाज आहे."

चौडप्पा मागापाशी बसला. जांभळा ताणा त्याच्या तोंडासमोर ताठ होता. करबसूनं मोबाइल डोळ्यांपुढं धरला. सुरी धाग्यांवर टेकली. पहिला धागा तुटणार, एवढ्यात बाहेरून आवाज आला. टण्. मग थांबून, टण्, टण्. वीणेची तार तुटावी तसा. त्या खोलीतल्या प्रत्येक माणसाला तो आवाज माहीत होता. ताठ चढवलेला ताणा मुठीमुठीनं कापला की असा आवाज येतो, आणि रेशमाचा असला की लांब जातो. गल्लीत या महिन्यात रेशमाचा ताणा एकाच मागावर होता.

नीलव्वा भिंतीला धरून खाली बसली. "अव्वाची साडी," ती म्हणाली.

टण्. टण्.

"हा कसला आवाज?" करबसूनं मोबाइल खाली घेतला.

मल्लेशप्पानं देवळाच्या दिशेला हात जोडले. करबसू दारापर्यंत गेला, गल्लीत डोकावून आवाज कुठल्या दारातून येतोय ते त्यानं पाहिलं, मग वळून आत आला. आता तो हसत नव्हता.

"एकतीस नंबर," तो म्हणाला. "कुणाचं घर ते?"

मल्लेशप्पानं चौडप्पाकडे पाहून मान हलवली, इतकी बारीक की पाहणाऱ्यालाच कळावी. नको. गप्प बस. अजून वेळ आहे.

चौडप्पानं सुरी ताण्यावरून काढली आणि जमिनीवर ठेवली.

"माझं," तो म्हणाला. "लिहून घे. आणि हिचं नाव खोड."

करबसूनं खिशातला कागद काढला, गोल केलेल्या एकासमोर एकतीस लिहिलं. नीलव्वाचं नाव मात्र त्यानं खोडलं नाही.